वरळीच्या खाऱ्या वाऱ्यात घराला बाहेरून काय लावाल?

"घर नवे आहे, बाहेरून कोणता रंग द्यावा?" हा प्रश्न वरळीच्या वाचकांकडून हटकून येतो. सोबत बहुधा शेड कार्डाचा फोटो असतो आणि त्यातल्या दोन-तीन छटांवर खुणा केलेल्या असतात. विचारणारे मात्र निरनिराळे असतात. कोणी कोळीवाड्यात जुने घर उतरवून त्याच जागी नवे बांधत असतात. कोणी सोसायटीच्या कमिटीवर असतात आणि त्यांच्यापुढे तीन कंत्राटदारांची तीन दरपत्रके पडलेली असतात. कोणाची इमारत पुनर्विकासाला चालली आहे, तर कोणाला बीडीडी चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यात घर मिळाले आहे. त्यातल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये देण्यात आल्या.

या सगळ्यांना पहिला सल्ला एकच: शेड कार्ड बाजूला ठेवा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घराचा बाहेरचा रंग हा सगळ्यात शेवटचा निर्णय आहे. त्याआधी भिंत, प्लॅस्टर, पाण्याची वाट, लोखंड आणि करार एवढे मार्गी लागले, तर रंग कोणताही निवडा, तो टिकेल. हे राहिले तर महागातला महाग डबाही दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे धरील.

निर्णय तुमच्या हातात किती, ते आधी पाहा

- स्वतःचे स्वतंत्र घर: रंग, दगड, पत्रा, ग्रील सगळे तुम्हीच ठरवता. मात्र बांधकामाची परवानगी आणि किनारपट्टीची सीआरझेडची बंधने वेगळी. रंगाच्या कामाबरोबर छज्जा वाढवणे किंवा गॅलरी बंदिस्त करणे उरकून घेऊ नका. आधी आर्किटेक्टला आणि महापालिकेच्या जी-दक्षिण विभागात विचारा.
- सोसायटीतला फ्लॅट: बाहेरची भिंत सगळ्यांची आहे. आपल्या गॅलरीच्या बाहेरच्या बाजूला वेगळा रंग किंवा टाइल लावण्याचा अधिकार एकट्या सभासदाला नाही. निर्णय सर्वसाधारण सभेचा.
- पुनर्विकासाला जाणारी इमारत: तुमचा शब्द चालतो तो विकास करारनाम्यावर सही होण्यापूर्वी. नंतर विनंती करता येते, एवढेच.
- बिल्डरकडून किंवा म्हाडाकडून मिळालेले तयार घर: रंग ठरलेला असतो. तुमच्या हातात असते पाहणी आणि वेळेत केलेली लेखी तक्रार.

नुसते प्लॅस्टर आणि रंग ही महापालिका कायद्यातल्या कलम 342 प्रमाणे किरकोळ दुरुस्ती धरली जाते, त्याला वेगळी परवानगी लागत नाही. इमारत वारसा यादीत किंवा वारसा परिसरात असेल, तर मात्र दर्शनी भागाला हात लावण्यापूर्वी चौकशी कराच.

खारा वारा भिंतीचे काय करतो

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वरळीला तो सरळ वरून पडत नाही. नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि पश्चिमेच्या, दक्षिणेच्या भिंतीवर आपटतो. प्लॅस्टरमध्ये केसाएवढी चीर असली तरी वाऱ्याच्या दाबाने पाणी आत ढकलले जाते. पाऊस संपला की उरलेले आठ महिने त्याच भिंतीवर मिठाचा थर साचत राहतो. वरळी सी फेसवरच्या खिडकीच्या काचेवर बोट फिरवून पाहा, चिकट पांढुरका थर हाताला लागेल. तोच थर भिंतीवरही असतो, फक्त दिसत नाही.

हे मीठ ओलाव्याबरोबर काँक्रीटमध्ये शिरते. चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते, त्यामुळे आतल्या सळईवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. क्षार सळईपर्यंत पोचले की तो पापुद्रा तुटतो आणि गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते. मग तो आतून काँक्रीट फोडतो, सळईच्या रेषेत सरळ तडा जातो, प्लॅस्टर फुगते आणि एक दिवस ढपली खाली पडते. बीडीडी चाळी 1920 च्या दशकात मुंबई विकास विभागाने आरसीसीमध्ये बांधल्या. त्यातल्या 207 पैकी 121 एकट्या वरळीत. तिथे ज्यांचे आयुष्य गेले त्यांना छताच्या ढपल्या आणि उघड्या पडलेल्या सळ्या म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

म्हणून तुम्ही नवे घर बांधत असाल तर बाहेरच्या रंगाचे काम काँक्रीट ओतण्याच्या दिवशीच सुरू होते. काँक्रीटचे भारतीय मानक आयएस 456 किनाऱ्यावरच्या उघड्या आरसीसीला 'तीव्र' गटात धरते. त्यासाठी किमान एम 30 प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर किमान 45 मिलिमीटर आवरण सांगितले आहे. थेट लाटांचे तुषार येत असतील तर एम 35 आणि 50 मिलिमीटर. हे आकडे आर्किटेक्टकडून किंवा स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून नकाशावर लिहून घ्या. कॉलम भरायच्या आधी सळईखाली-बाजूला कव्हर ब्लॉक बांधले आहेत का, ते स्वतः जाऊन पाहा. गवंडी विटेचा तुकडा सरकवत असेल तर काम थांबवा.

आणखी दोन गोष्टींवर मुळीच तडजोड नको. एक, खाडीची किंवा समुद्राची रेती. दुसरी, मचूळ पाणी. वरळीत बऱ्याच ठिकाणी बोअरवेलचे पाणी खारट असते आणि टँकरचे पैसे वाचवायला तेच प्लॅस्टर कालवायला, भिंतीवर मारायला वापरले जाते. ज्या मिठापासून भिंत वाचवायची, तेच आपण तिच्यात आपल्या हाताने घालतो. पाणी जिभेवर टेकवून पाहा. शंका आली तर तपासून घ्या.

प्लॅस्टर आणि नव्या भिंतीची घाई

वास्तुशांतीचा मुहूर्त ठरलेला असतो, पत्रिका वाटून झालेल्या असतात आणि भिंत अजून ओली असते. वरळीतल्या नव्या घरांचे सर्वांत जास्त रंग याच घाईत बिघडतात. नव्या सिमेंटमध्ये अल्कलीचे प्रमाण भरपूर असते. भिंत वाळण्याआधी रंग चढवला की ओलाव्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात, पांढरा लोणा फुटतो, गडद छटेवर ढगासारखे डाग पडतात आणि रंग सोलून निघतो. बाहेरचे प्लॅस्टर किमान आठवडाभर गोड्या पाण्याने भिजवा आणि त्यानंतर वाळू द्या. प्लॅस्टर झाल्यापासून 28 दिवस हा सर्वसाधारण हिशेब. दमट हवेत त्याहून थोडा जास्त वेळ लागला तर कुरकुर करू नका. गृहप्रवेश करायचाच असेल तर आतला रंग करून करा, बाहेरच्या भिंती तशाच राहू द्या. पाहुणे समजून घेतील.

कॉलम-बीम आणि वीट किंवा ब्लॉक यांच्या जोडावर प्लॅस्टरच्या आधी जाळी ठोकून घ्या. दोन्ही गोष्टी उन्हाने सारख्या प्रसरण पावत नाहीत. जाळी नसेल तर त्या रेषेवर तडा जातोच. पुढे वर्षानुवर्षे लोक त्या तड्यावर रंग मारत राहतात.

रंगाऱ्याला हाक मारण्यापूर्वी चार तपासण्या घरच्या घरी होतात:

- ठोकून पाहणे: लाकडी हातोडीने किंवा नाण्याने भिंत ठिकठिकाणी ठोका. पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल करा. तेवढे प्लॅस्टर काढून नवे करावे लागेल.
- प्लॅस्टिक लावून पाहणे: हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीला लावा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर भिंत ओली आहे.
- तळहात फिरवणे (जुना रंग असल्यास): हाताला पांढरी पूड लागली तर जुना रंग मेलेला आहे. त्यावर नवा धरणार नाही. खरवडा, धुवा, मग प्रायमर.
- तड्याची दिशा: केसासारख्या वेड्यावाकड्या रेषा प्लॅस्टरच्या असतात, त्या भरता येतात. कॉलम-बीमच्या लांबीत जाणारा सरळ तडा किंवा त्यातून आलेला तपकिरी डाग म्हणजे सळई गंजते आहे. इथे रंगारी नको, स्ट्रक्चरल इंजिनीअर हवा.

रंगाआधी भिंत गोड्या पाण्याच्या दाबाने धुवून घेण्याचे कलम दरपत्रकात वेगळे लिहा. वरळीत ते वगळून चालत नाही. धुतल्यानंतर भिंत वाळली की लगेच प्रायमर. मधे आठ-पंधरा दिवस गेले तर मिठाचा थर पुन्हा बसतो.

रंगाचा प्रकार

दुकानात नावे पन्नास दिसतील. तुमच्या कामाची वर्गवारी एवढीच आहे.

डिस्टेंपर आणि पीओपी बाहेर कधीच नाही. सिमेंट पेंट स्वस्त असतो, पण त्यालाही पाणी मारून पिकवावे लागते, तो लवकर काळा पडतो आणि पुढच्या वेळी पूर्ण खरवडावा लागतो. कंपाउंडच्या भिंतीला ठीक. घराला बाहेरच्या वापराचे अ‍ॅक्रिलिक इमल्शन घ्या, आणि पश्चिमेच्या-दक्षिणेच्या भिंतीसाठी त्यातलेच वरच्या प्रतीचे. जुन्या इमारतीत केसासारख्या चिरा खूप असतील तर ताणला जाणारा इलॅस्टोमेरिक रंग उपयोगी पडतो, कारण चीर किंचित उघडली तरी तो फाटत नाही. पण भिंतीत आतून ओल असेल, बाथरूमचा पाइप गळत असेल, तर हा जाड थर पाणी आत कोंडून ठेवतो आणि फुग्यासारखा सुटतो. आधी गळती, मग हा रंग.

नव्या भिंतीला अल्कली सोसणारा प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन हात. प्रायमर गाळून "रंगाचेच तीन हात मारतो" असे कोणी म्हणाले तर नाही म्हणा. बाहेरच्या भिंतीवर गुळगुळीतपणासाठी पुट्टीचा जाड थर चढवू नका. स्पंज फिनिशचे प्लॅस्टर तसेच शोभते आणि जास्त टिकते.

टेक्श्चरबद्दल माझे मत स्पष्ट आहे. समुद्राकडच्या भिंतीला ते लावू नये. त्याच्या खाचांत धूळ, मीठ आणि ओल साचते, पहिल्या पावसानंतर शेवाळ धरते आणि ते धुऊन निघत नाही. हौस असेल तर प्रवेशद्वाराच्या आतल्या बाजूला किंवा छज्ज्याखालच्या कोरड्या भिंतीवर करा.

वॉरंटीचे कार्ड वाचा, त्यावरचा वर्षांचा आकडा पाहून थांबू नका. बहुतेक वॉरंट्यांत भिंतीचे तडे, आतून येणारी ओल आणि पृष्ठभागाची चुकीची तयारी वगळलेली असते. भरपाई मिळालीच तर ती बऱ्याचदा रंगाच्या डब्यांपुरती असते, मजुरी आणि परांचीचा खर्च तुमचाच. उंच इमारतीत परांची किंवा पाळणा बांधण्याचा खर्च एवढा असतो की स्वस्त रंग घेऊन तो लवकर पुन्हा देणे शेवटी महागच पडते. रंगात वाचवलेले पैसे बांबूवर जातात.

आता छटा

इथवर आलात तर शेड कार्ड उघडा.

पांढऱ्याशुभ्र रंगाचा मोह होतो. तो ऊन परतवतो, घर थंड राहायला मदत करतो, म्हणून गच्चीवर पांढरा लेप उत्तम. पण वरळीच्या रस्त्यांची धूळ, वाहनांचा धूर आणि चाललेली बांधकामे पाहता भिंतीवर तो एका पावसाळ्यात ओघळांनी भरतो. उलट टोकाला गडद राखाडी, काळपट निळा हे सध्याचे चलनी रंग. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत ऊन असते. गडद रंग ते शोषून घेतो, भिंत तापते, रात्री ती उष्णता खोलीत सोडते. शिवाय मिठाचा पांढुरका थर गडद रंगावरच सर्वांत जास्त उठून दिसतो.

मधल्या फिकट छटा इथे टिकतात: बदामी, मोतिया, पारवा, फिकट मातकट. रंगछटा कशापासून बनते हेही विचारा. गेरू, पिवळी माती, तपकिरी या छटा लोहाच्या ऑक्साइडच्या असतात, त्या उन्हाला दाद देत नाहीत. झगझगीत लाल, गडद पिवळे, जांभळे यांतली बरीच रंगद्रव्ये उन्हात लवकर विटतात. असे रंग आवडत असतील, आणि कोळीवाड्यातल्या गल्ल्यांना ते शोभतातच, तर ते दाराच्या चौकटीला, गॅलरीच्या आतल्या बाजूला, जिन्याला द्या. तिथे ते राहतील आणि दोन वर्षांनी एका दिवसात पुन्हा करता येतील. पूर्ण भिंत हिरवी किंवा निळी हवीच असेल तर ती पूर्वेच्या बाजूला करा.

उत्तरेची भिंत उन्हाअभावी ओली राहते, तिथे शेवाळ आधी येते. तिच्यासाठी बुरशीरोधक रंग मागा, छटा तीच ठेवा. जमिनीपासून दोन-तीन फूट, म्हणजे जोत्याचा भाग, चिखलाच्या शिंतोड्यांमुळे खराब होतोच. तो गडद घ्या किंवा तिथे दगड लावा.

कार्डावरच्या दोन बोटांच्या चौकोनावरून निर्णय घेऊ नका. मोठ्या भिंतीवर, उन्हात, तोच रंग जास्त उजळ आणि भडक दिसतो. कमीत कमी तीन फूट बाय तीन फुटांचे नमुने प्रत्यक्ष पश्चिमेच्या भिंतीवर, प्रायमर लावून, दोन हात मारून करा. सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी पाहा. शेजारच्या इमारतीच्या रंगासह पाहा. सोसायटीत असाल तर नमुने रविवारी सगळ्यांना दाखवा, निम्मे वाद तिथेच मिटतात. पसंत छटेचा कोड नंबर लिहून ठेवा. नुसते "फिकट बदामी" लिहिले तर पुढच्या दुरुस्तीला भिंतीवर ठिगळ दिसेल.

एक गोष्ट छटेच्या नावाखाली नेहमी विसरली जाते. खिडकीखालचे काळे ओघळ रंगामुळे पडत नाहीत, पाण्याला तुटायला जागा नसल्यामुळे पडतात. छज्जा आणि खिडकीच्या ओट्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवली की पाणी भिंतीवरून न ओघळता तिथूनच खाली पडते. प्लॅस्टरच्या वेळी हे काम थोड्या वेळात होते. नंतर परांची बांधूनच करावे लागते.

दगड, टाइल, पॅनेल, काच

जुन्या मुंबईने मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा दगड आणि काळा बेसॉल्ट वापरला. त्या इमारती आजही रंगाशिवाय उभ्या आहेत. आज दगड लावायचा तर पातळ फरश्यांच्या रूपात. तळमजल्याच्या उंचीपर्यंत तो चिकटवून चालेल. त्याच्या वर नुसत्या सिमेंटवर किंवा चिकटद्रव्यावर विसंबू नका, स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पने बसवा आणि क्लॅम्प 316 प्रतीचे आहेत हे बिलावर लिहून घ्या. वरून सुटलेली एक फरशी खाली चालणाऱ्याचा जीव घेऊ शकते. चकचकीत टाइलचेही तसेच. टाइल भिंतीचे पाणी अडवते हा गैरसमज आहे. पाणी सांध्यातून शिरते आणि मागे अडकते.

अ‍ॅल्युमिनियमची एसीपी पॅनेल दिसायला नेटकी आणि बसवायला झटपट असतात. पण त्यांच्या आतला गाभा साध्या पॉलिथिनचा असेल तर आग दर्शनी भागावरून वर धावते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये जून 2017 मध्ये 72 माणसे गेली, त्यात अशाच आवरणाने आग पसरवली. राहत्या इमारतीला एसीपी लावायचेच असेल तर न जळणाऱ्या गाभ्याचे, चाचणी प्रमाणपत्रासह, आणि अग्निशमन सल्लागाराला दाखवून. विकासकाच्या चित्रातला चमकदार दर्शनी भाग नेमका कशाचा आहे, हे सभेत विचारायला संकोचू नका.

काचेबाबत एकच विचारा: ती धुणार कोण, आणि त्याचा खर्च दरमहा कोणाच्या बिलात येणार?

खरे लाकूड बाहेर वापरू नका.

लोखंड

वरळीत रंगाआधी खराब होते ते ग्रील. गंजाचे तपकिरी ओघळ नव्या भिंतीवर उतरतात आणि दोष रंगाला जातो. साधे लोखंडी ग्रील घ्यायचे तर वेल्डिंग झाल्यानंतर गॅल्व्हनाइज केलेले घ्या, आधी गॅल्व्हनाइज करून मग वेल्डिंग केलेले नको, कारण जोडावरचा थर जळून गेलेला असतो. स्टेनलेस स्टील 304 प्रतीचे असले तरी समुद्राकाठी त्यावर चहासारखे डाग येतात. 316 घ्या आणि दर पंधरवड्याला गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा. खिडक्यांना चांगल्या जाडीच्या पावडर कोटिंगचे अ‍ॅल्युमिनियम ठीक. पत्रा लावत असाल तर स्क्रूही तितक्याच चांगल्या प्रतीचे घ्या. पत्रा चांगला असतो, स्क्रूच्या भोकापासून गंज चालू होतो. भिंतीत रोवलेले जुने, निकामी एसीचे ब्रॅकेट आणि केबलचे खिळे रंगाआधी मुळापासून काढून भोके बुजवून घ्या.

कोळीवाड्यात, भिंतीला भिंत लागून

वरळी कोळीवाड्यात शेजारच्या घरापासून अंतर वितभर असते, कधी तेही नसते. ती बाजू घर उभे राहिल्यावर प्लॅस्टर करता येत नाही, रंगाचा तर प्रश्नच नाही. म्हणून त्या बाजूची भिंत बांधतानाच प्रत्येक थराचे सांधे बाहेरून पूर्ण भरत वर जा. वीट किंवा ब्लॉक घट्ट, कमी पाणी पिणारा घ्या. दोन घरांमधली फट वरून पत्र्याने किंवा फ्लॅशिंगने झाका, नाहीतर चार महिने दोन्ही घरांच्या भिंती त्या फटीतले पाणी पीत राहतील. हे शेजाऱ्याशी बोलून, खर्च वाटून करावे. परांची त्यांच्या पत्र्यावर किंवा ओट्यावर टेकवावी लागत असेल तर आधी विचारा आणि नुकसान झाल्यास भरून देण्याचे कागदावर द्या.

सोसायटीची सभा, पैसा आणि कंत्राट

आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. महापालिका कायद्याचे कलम 353 ब सुद्धा 30 वर्षांवरच्या इमारतींना परीक्षण बंधनकारक करते. परीक्षणाशिवाय रंगाचे कंत्राट देऊ नका. अहवालात दुरुस्ती निघाली तर रंग नंतर.

पैशाचे दोन खिसे वेगळे ठेवा. दुरुस्ती निधी हा बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.75 टक्के, सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. सिंकिंग फंड मोठ्या संरचनात्मक दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी आहे, नुसत्या रंगासाठी तो फोडू नये. कमिटीला स्वतःच्या अधिकारात ठरावीक मर्यादेपर्यंतच खर्च करता येतो. रंगाचे काम ती मर्यादा ओलांडतेच, म्हणून विषय विषयपत्रिकेवर घेऊन सर्वसाधारण सभेत ठराव करा. आयत्या वेळचा विषय म्हणून नाही.

दरपत्रके मागवताना सगळ्यांना एकच कामाची यादी द्या, नाहीतर तुलना होत नाही. करारात हे असू द्या:

- मोजमाप कसे धरणार, खिडक्यांची जागा वजा की नाही
- दर जीएसटी धरून की सोडून
- रंगाचे कंपनीसह पूर्ण नाव, छटेचा कोड, प्रायमर, किती हात
- सीलबंद डबे कमिटीसमोर उघडणे, बॅच नंबरची नोंद, रिकामे डबे मोजून बाहेर
- पाणी किती मिसळायचे, ते डब्यावर लिहिल्याप्रमाणेच
- कामगारांना सुरक्षा पट्टे, खाली जाळी, आणि कामगारांचा विमा. विम्याची प्रत काम सुरू होण्याआधी घ्या
- काही टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवणे

सुरक्षा पट्ट्याचे कलम औपचारिकता समजू नका. बाराव्या मजल्यावर दोरीवर लोंबकळणारा मुलगा कोणाच्या तरी घरचा आहे. पट्टा न बांधता कोणी चढताना दिसला तर कोणत्याही सभासदाने काम थांबवायला सांगावे.

पुनर्विकासाच्या करारनाम्यात "नामांकित कंपनीचा दर्जेदार रंग" असे वाक्य असते. ते खोडून त्या जागी वरचा तपशील लिहून घ्या. काँक्रीटची प्रत, आवरण, ग्रीलची प्रत, दर्शनी भागाचे साहित्य, आणि ताब्यानंतर किती वर्षे दोष विकासकाने स्वखर्चाने काढायचे, हेही त्यातच.

रंग कधी द्यावा

दसऱ्यानंतर भिंती वाळू द्या. नोव्हेंबर ते मार्च हा उत्तम काळ. हिवाळ्यात पहाटे भिंतीवर दव असते, म्हणून काम नऊ-दहानंतर सुरू करा. एप्रिल-मेच्या भर दुपारी तापलेल्या भिंतीवर हात मारू नये, रंग धरण्याआधी सुकतो. सावलीच्या मागे मागे जा: सकाळी पश्चिम, दुपारनंतर पूर्व. मेच्या मध्यापर्यंत परांची उतरलेली हवी. गच्चीचे वॉटरप्रूफिंग नेहमी भिंतींच्या आधी.

गावाकडे बांधत असाल तर

वरळी-लालबागच्या अनेक घरांचे दुसरे घर रत्नागिरी-सिंधुदुर्गात उभे राहत असते. तिथे जांभ्याचा चिरा मिळत असेल तर तो प्लॅस्टरखाली झाकू नका. जांभा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटच्या थराखाली ते पाणी अडकते आणि रंग सुटतो. चांगले चिरे निवडून दर्शनी बांधकाम करा, सांधे नीट भरा आणि छप्पर भिंतीच्या पुरेसे पुढे काढा. पागोळ्या भिंतीपासून दूर पडल्या की निम्मे काम झाले.

बिघडले तर

रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष आढळला तर तो प्रवर्तकाने 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. बाहेरच्या भिंतीतून येणारी ओल, सुटणारे प्लॅस्टर यांची तक्रार याखाली करता येते. तोंडी नको, ईमेल आणि रजिस्टर पत्राने, तारखेसह फोटो जोडून. दाद दिली नाही तर महारेरा. पुनर्विकासातल्या जुन्या सभासदांनी मात्र महारेरावर विसंबू नये, त्यांचा भरवसा करारनाम्यातल्या दोषदायित्वाच्या कलमावर.

सोसायटीत बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून तुमच्या खोलीत पाणी येत असेल तर ते काढण्याचा खर्च सोसायटीचा आहे. "तुमच्या खोलीत येते, तुम्ही करा" हे उत्तर स्वीकारू नका. सभेची इतिवृत्ते पाहण्याचा आणि शुल्क भरून प्रती घेण्याचा सभासदाला अधिकार आहे. कंत्राट कसे दिले गेले हे त्यातून कळते.

कंत्राटदाराने निकृष्ट काम केले किंवा कंपनी वॉरंटी नाकारत असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आहे. सहकारी संस्थाही ग्राहक म्हणून तक्रार करू शकते. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षे. सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 पासून करा. त्यासाठी बिल, करार, वॉरंटी कार्ड, डब्यांचे बॅच नंबर आणि काम चालू असतानाचे फोटो एका फाइलमध्ये हवेत. पहिला पावसाळा संपला की, राखून ठेवलेली रक्कम सोडण्यापूर्वी, ती फाइल हातात घेऊन कंत्राटदारासोबत इमारतीभोवती एक फेरी मारा आणि दिसेल तो प्रत्येक ओघळ, प्रत्येक पोपडा त्याच्या सहीने लिहून घ्या.